पद्मिनीचं इंजिन वाजतंय: हेड खोलण्याआधी आवाज आणि थरथर कशी शोधायची

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी चालतात त्या बहुतेक हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या, आणि त्यातल्या बऱ्याच आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या असतात. उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात. स्पार्कसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर गंज धरतो, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधारांचं, रबर कडक होतं. यातलं प्रत्येक कारण इंजिन हलवतं किंवा वाजवतं, पण यातल्या एकासाठीही इंजिन खोलावं लागत नाही. तरीही "आवाज येतोय" एवढं सांगून गाडी गॅरेजला लावली की पुष्कळदा हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन अर्धं खोलून करायचं, काम निघतं, आणि काम होऊन आल्यावर आवाज जिथल्या तिथे असतो. आवाज कशाबरोबर बदलतो हे आधी पक्कं करा आणि मगच पाना लावा. बाकीची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

इथे फक्त पेट्रोल इंजिनाचा विचार केला आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, बीडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड आणि रॉकर, चेनवर फिरणारा कॅमशाफ्ट, तीन मेन बेअरिंगांवरचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा). फायरिंग ऑर्डर १-३-४-२. फियाट ११०० डिलाइट आणि प्रेसिडेंटलाही हेच लागू पडतं.

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी लावून ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी असताना किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असताना कोणत्याही आवाजाचं निदान करू नका. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. मग चांगली बेअरिंगंही वाजतात, आणि तसंच चालवत राहिलं तर खरोखरच जातात. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि नळ्या लवकर खराब होतात, म्हणून हे आता जास्त वेळा बघायला मिळतं. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा ऐका.

त्यानंतर हाताने हलवून बघण्यासारखं सगळं हलवून बघा: एअर क्लीनर, डायनॅमो किंवा अल्टरनेटरची पट्टी, बॅटरीचा क्लॅम्प, सायलेन्सरची हँगरं, रेडिएटरचे बोल्ट, टॅपेट कव्हरचे नट. पंख्याची पातीही बघा. एखाद्या पात्याला रिव्हेटपाशी चीर दिसली तर इंजिन चालूच करू नका, कारण तुटलेलं पातं रेडिएटर फाडतं आणि बोनेटवर वाकलेल्या माणसालाही लागतं. ओढणी, बाह्या, लोंबती वायर पंख्यापासून लांब ठेवा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका.

पहिला प्रश्न: इंजिनाचा वेग की गाडीचा वेग

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. आवाज किंवा थरथर आली तर दोष इंजिनात, क्लचमध्ये किंवा त्यांना धरून ठेवणाऱ्या रबरांत आहे. उभ्या गाडीत काहीच येत नसेल आणि ५०-६० च्या वेगाला सुरू होत असेल, तर लगेच चाकांवर खापर फोडू नका. इथे पद्मिनीची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चौथा गिअर थेट आहे, म्हणजे टॉपमध्ये इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) एकाच वेगाने फिरतात. नुसत्या टॉप गिअरवर ही दोन एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

मोकळा, सपाट रस्ता बघा. ज्या वेगाला थरथर येते तो वेग टॉपमध्ये धरा. मग तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरा. गाडीचा वेग तोच, पण इंजिन आता जास्त फिरतंय. थरथर तशीच राहिली तर दोष प्रॉपेलर शाफ्ट, सेंटर बेअरिंग, चाकं यांत आहे. थरथरीची जात बदलली, किंवा ती तिसऱ्यात कमी वेगालाच येऊ लागली, तर इंजिनाकडे या. खात्रीसाठी त्याच वेगाला न्यूट्रल करून गाडी घसरू द्या, पण चावी बंद करू नका. इंजिन स्लोवर (रेस न देता ते ज्या वेगाने चालतं त्यावर) गेल्यावरही थरथर टिकली तर इंजिन निर्दोष आहे.

चाक आणि शाफ्ट वेगळे ओळखायला थोडा हिशेब उपयोगी पडतो. ६० च्या वेगाला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं. प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा, जवळजवळ मोजता येईल असा जाणवतो: पुढच्या चाकाचा स्टीअरिंगमध्ये, मागच्याचा सीटखाली. शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात बारीक घरघर म्हणून येतो.

दुसरा प्रश्न: क्रँकच्या तालात की कॅमच्या

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लो ८०० आरपीएम असेल तर एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतं, म्हणजे सेकंदाला सहा-सात टकटक. हा ताल कानाला सुटा सुटा ऐकू येतो. क्रँकच्या तालाचा आवाज त्याच्या दुप्पट, आणि तो जवळजवळ सलग वाटतो. कान ठरवू शकत नसेल तर टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. तो दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. एका चमकेला एक ठोका पडत असेल तर आवाज कॅमच्या बाजूचा: टॅपेट, रॉकर, कॅम किंवा फ्युएल पंप. एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या बाजूचा.

आवाजाची जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उत्तम. तो नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर चालतो: टोक धातूवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. हवेने होणारा फसफस आवाज मात्र सळईतून कळत नाही. त्यासाठी मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडांवरून फिरवा.

स्लोवर इंजिन हलतंय

यात सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे एक सिलिंडर नीट जळत नाही. गॅरेजच्या भाषेत इंजिन मिसिंग करतं. चारपैकी एक थंड पडला की दर दोन फेऱ्यांत एक धक्का चुकतो आणि सगळी गाडी डुलते. फाउंडेशन नवीन असली तरी डुलते.

इंजिन गरम करून स्लो थोडा वाढवा, १००० ते १२०० पर्यंत. प्लगचं रबरी टोपण मागे सरकवा. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आधी ब्लॉकला टेकवा आणि मग त्याचा दांडा प्लगच्या टोकाला लावा. स्पार्क अर्थ होतो आणि तो सिलिंडर बंद पडतो. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तरीही नको. प्लगची वायर काढून लोंबती ठेवण्याची सवय चुकीची आहे, कारण त्याने कॉइलवर ताण येतो. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम लगेच पडतात. ज्या सिलिंडरला काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला आहे.

आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग. नाही तर वायर, डेल्कोची, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप (आतल्या बाजूला काळी बारीक रेघ दिसते का बघा) आणि मग पॉइंट. पॉइंटची टोकं जळून एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरही बदला. नुसते पॉइंट घासून उपयोग नाही, तो उंचवटा पुन्हा येतो.

इग्निशन ठीक असेल तर कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरच्या सारख्याच फेऱ्या द्या, पाच-सहा पुरे. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालं आहे. अॅल्युमिनियमचं हेड एकदा जरी तापलं असेल तर नुसतं गॅस्केट बदलून काम टिकत नाही. सरळ पट्टी लावून ०.०५ मिमीचा फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) कुठे शिरतो का बघा. शिरला तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागेल. ही कॉम्प्रेशनची तपासणी सोडली तर प्लग थंड इंजिनातच काढा-घाला, आणि पहिले आटे हातानेच बसवा. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हेड खाली उतरवावं लागतं.

सगळे सिलिंडर थोडे थोडे अडखळत असतील, एकच नाही, तर कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा शिरते का बघा. ऑइल कॅनने जोडावर ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. स्लो बदलला तर तिथून हवा ओढली जाते. त्यासाठी स्प्रे मारायची पद्धत आहे, पण तापलेल्या मॅनिफोल्डजवळ पेटणारा स्प्रे नकोच. ई-२० पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जास्त असल्याने जुन्या जेटवर मिश्रण हलकं पडतं, त्यानेही स्लो अस्थिर होतो. हे स्लो जेट आणि मिक्स्चर स्क्रू साफ करून पुन्हा सेट केल्यावर बऱ्याच अंशी सुटतं.

चारही सिलिंडर चालतात आणि तरी डुलणं आहे, तेव्हाच फाउंडेशनकडे या. हँडब्रेक घट्ट लावा, गाडीसमोर कोणी उभं राहू नये, आणि सोबत्याला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगा. इंजिन बाजूला कलणारच. पण एका बाजूने दोन-अडीच सेंटिमीटर उचललं गेलं तर त्या बाजूचं रबर धातूपासून सुटलं आहे. नुसतं बघून हे कळत नाही, कारण इंजिनाच्या वजनाने चीर मिटलेली असते. संपखाली लाकडी फळी ठेवून जॅकने सेंटिमीटरभर उचला, म्हणजे चीर उघडते. गिअरबॉक्सखालचं रबर विसरू नका. ते ऑइल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. नवीन फाउंडेशन बसवताना बोल्ट आधी ढिले ठेवून इंजिन मिनिटभर स्लोवर चालवा, ते आपल्या जागी बसू द्या, मग बंद करून आवळा. ताणात आवळलेलं नवं रबरही थरथर पत्र्यात पोचवतं. सायलेन्सरच्या पाइपचंही तसंच: सगळे जोड ढिले करून बसवा, पाइप कुठे पत्र्याला टेकत नाही हे बघा, मग पुढून मागे आवळत जा.

वरून येणारी टकटक

टॅपेट सेट करण्याचं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप नेमका करण्याचं, काम घरी करता येतं आणि करावंच. गॅपचा आकडा आणि तो इंजिन थंड असताना घ्यायचा की गरम, हे गाडीच्या पुस्तकात बघून तसंच करा. प्लग काढून टाका, म्हणजे इंजिन हाताने फिरतं. गाडी टॉपमध्ये टाकून पुढे ढकललं तरी चालतं.

चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकदम हलताना दिसतील, एक सुटतोय आणि दुसरा दाबला जातोय. त्या क्षणी थांबा आणि एक नंबरचे दोन्ही टॅपेट सेट करा. क्रँक अर्धा फेरा फिरवा: दोनचे रॉकर हलतील, तिनाचे सेट करा. पुन्हा अर्धा फेरा: एकचे हलतील, चारचे करा. शेवटी तिनाचे हलतील, दोनचे करा. फीलर किंचित अडखळत सरकला पाहिजे, आणि त्याच्या पुढच्या जाडीची पट्टी शिरता कामा नये. लॉकनट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

सेट करूनही टकटक राहिली तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे खळगा पाडला असेल तर सपाट फीलर खळग्याच्या कडांवर टेकतो, आणि खरा गॅप मोजलेल्यापेक्षा जास्त राहतो. रॉकर शाफ्टवर वरखाली हलतो का तेही बघा, आणि टॅपेट कव्हर काढून स्लोवर इंजिन चालवून प्रत्येक रॉकरपाशी ऑइल येतं का पाहा. शाफ्टची छिद्रं चिखलाने बुजलेली असणं ही उभ्या गाड्यांतली नेहमीची बाब आहे.

इथे एक गंभीर सूचना. वाजणाऱ्या टॅपेटने इंजिन सहसा बिघडत नाही, पण न वाजणारं टॅपेट व्हॉल्व्ह जाळू शकतं. देशात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या जुन्या सीट त्यानंतर हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि गॅप कमी कमी होत जातो. सीएनजीवर धावलेल्या जुन्या टॅक्सीत हे जास्त दिसतं. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. एकाच व्हॉल्व्हचा गॅप दर वेळी कमीच भरत असेल तर त्याच्या सीटची नोंद ठेवा आणि हेडच्या कामाचं नियोजन करा.

टॅपेटसारखी वाजणारी आणखी दोन ठिकाणं आहेत. फ्युएल पंपाचा आर्म कॅमवरच चालतो, त्यामुळे ताल तोच, पण आवाज ब्लॉकच्या बाजूने खालून येतो. सळई पंपाच्या अंगाला लावली की लगेच ओळखतो. दुसरं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग. थंड इंजिनावर रेस देताना आवाज मोठा, इंजिन तापल्यावर बारीक, आणि जोडाशी काळी काजळी. टॅपेट कितीही सेट केले तरी तो जात नाही.

पुढून येणारे आवाज

पंख्याचा पट्टा काढा आणि इंजिन मिनिटभरच चालवा. आवाज गेला तर पाण्याचा पंप, पंखा किंवा डायनॅमो. पुली हाताने फिरवून आणि हलवून नेमकं कोण ते ठरवता येतं. पंपाच्या खालच्या छिद्रातून पाण्याचा ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं आहे.

आवाज राहिला आणि तो टायमिंग कव्हरच्या मागून, रेस सोडताना खडखड असा येत असेल तर चेन. डेल्कोची कॅप काढा, क्रँकची पुली पान्याने एका दिशेला फिरवा, मग हळूच उलट. रोटर हलायला लागेपर्यंत पुली किती फिरते ते बघा. डेल्कोच्या गिअरची थोडी सैल यात धरलेली असते, पण दहा अंशांच्या आसपास मोकळी फिरत असेल तर चेन ताणली आहे. चेन बदलताना दोन्ही दातेरी चाकंही बदला. जुन्या दातांवर नवी चेन फार दिवस शांत राहत नाही.

खालचे आवाज

इथे घाई नको आणि टाळाटाळही नको. ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. दाब फारच उतरल्यावर तो लागतो. दिव्याचा स्विच काढून तिथे साधा यांत्रिक ऑइल प्रेशर गेज लावा. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा कामचलाऊ अंदाज धरा.

सकाळी थंडीत पोकळ टकटक आणि पाच-सात मिनिटांत बंद, हा पिस्टन स्लॅप. पिस्टन बोअरमध्ये तिरका आपटतो आणि गरम होऊन फुगला की शांत होतो. ऑइल फार जळत नसेल तर गाडी अशी बराच काळ चालते, घाबरायचं कारण नाही.

गजन पिनचा, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा, आवाज बारीक, धातूचा, स्लोवर जोडठोक्यासारखा येतो.

बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, गेलं की गरम इंजिनात, स्थिर वेगावर रेस किंचित कमी-जास्त करताना स्पष्ट ठोका पडतो. वर सांगितल्याप्रमाणे एकेक प्लग अर्थ करा. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, त्याचंच बेअरिंग. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून जड, घुमा, चढावर लोड पडला की येतो. एकच प्लग अर्थ केल्याने तो क्वचितच पूर्ण जातो, आणि ऑइल प्रेशर सोबत उतरलेलं असतं. यातला कोणताही ठोका पक्का झाला की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या) बदलण्याचं काम काही किलोमीटरांत क्रँक घासण्याचं होतं, आणि कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. जाड ऑइल टाकून ठोका दाबणं हे तर विक्रीच्या आधी करायचं काम आहे. जुनी गाडी घेताना ते लक्षात ठेवा आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत ऐका.

शेल काढल्यावर त्यांची पाठ बघा. ०.२५४, ०.५०८ (मिमी) असा शिक्का असेल तर क्रँक आधी एकदा-दोनदा घासलेला आहे. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजून घेतल्याशिवाय नवे शेल विकत घेऊ नका. अंडाकृती जर्नलवर नवा शेलही लवकरच वाजू लागतो.

क्लच दाबल्यावर आवाज बदलतो? दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर जात असेल तर बहुधा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, पण क्रँकची पुढे-मागे सैलही असंच फसवते. सोबत्याला क्लच दाबायला सांगा आणि पुलीकडे बघा. ती डोळ्याला दिसेल इतकी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पुढे सरकत असेल तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेले आहेत.

घाटात टॉप गिअर रेटताना येणारी खणखण हा बेअरिंगचा आवाज नाही. टायमिंग फार पुढे आहे, किंवा हेडमध्ये कार्बन साचला आहे, किंवा इंजिन तापतंय. गिअर खाली आणा. आवाज लगेच थांबला तर डेल्को थोडा मागे घेऊन पुन्हा त्याच चढावर बघा. असं वाजत चालवलेल्या गाड्यांतच पुढे पिस्टन आणि बिग एंड जातात.

प्रॉपेलर शाफ्ट

पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटताना खालून डगडग येत असेल आणि वेग घेतल्यावर जात असेल, तर सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं आहे. क्लच प्लेट बदलण्याआधी हे बघा, कारण दोन्हींची लक्षणं सारखीच असतात. गाडी स्टँडवर घ्या, मागची चाकं अडवा, शाफ्ट हाताने वर दाबा. बेअरिंग आपल्या रबरातून सहज वरखाली जाता कामा नये. मग प्रत्येक क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) दोन्ही हातांनी उलटसुलट पिळा. किंचितही टकटक लागली तर तो क्रॉस बदलायचा.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करा. शाफ्टचे तुकडे एकमेकांत बसवणाऱ्या स्प्लाइनचे दात एका घराने जरी चुकले तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, आणि सुटे भाग सगळे नवे असूनही ५० च्या पुढे गाडीचा तळ घरघरतो. खूण आधीच पुसली गेली असेल तर शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून योक डोळ्याने जुळवा आणि मग बॅलन्सिंगला द्या.